क्रेग वेनचे डोंगरपुत्र

नेस्टा प्रिचर्डने आजवर एकोणचाळीस बंद खाणी आतून बघितल्या होत्या. तांब्याच्या सहा, शिशाच्या अकरा, सोन्याची एक (तिच्यात सोनं नव्हतं, पण खाणवाल्यांना ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही), आणि बाकीच्या सगळ्या पाटीच्या दगडाच्या. राहिली होती ती फक्त क्रेग वेन. आणि क्रेग वेन तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. कप विसळायला उभं राहिलं की समोर डोंगर, डोंगरात भोक, भोकाला गजांचं दार आणि दाराला कुलूप. घरापासून मोजून तीनशे पावलं. चाळीस मैलांवरच्या खाणीत ती पोटावर सरपटत जाऊन आली होती, पण या तीनशे पावलांवरच्या भोकात तिला पाऊल टाकता आलं नव्हतं.

कारण त्या कुलपाची किल्ली होती क्लेडविन एव्हान्सच्या गळ्यात. आणि कुलपापर्यंतची वाट होती इडवल प्रिचर्डच्या मालकीची. इडवल प्रिचर्ड म्हणजे नेस्टाचे बाबा. दोघे १९७१ सालापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा वाटेवर पाय टाकू द्यायचे ते फक्त ज्याच्याकडे किल्ली नाही अशा माणसाला. क्लेडविन काका किल्ली द्यायला तयार असायचे, पण फक्त त्या वाटेने न येणाऱ्याला. दुसरी वाट नव्हती.

जुन्या खाणी बघणाऱ्या क्लबची नेस्टा सेक्रेटरी होती. क्लबात चार माणसं. त्यातल्या एकाला बंद जागेत घाबरायला व्हायचं, म्हणून तो बाहेर थांबून सँडविच सांभाळायचा. खाणीत उतरणं तसं सोपं असतं. दोर, दिवा, हेल्मेट, जोडीला एक शहाणा माणूस, झालं. घोडं अडतं ते खाणीच्या तोंडापर्यंत पोचण्यात. वरची जमीन एकाची, खालचा दगड दुसऱ्याचा, वाट तिसऱ्याची, आणि कुलूप लावलेलं चौथ्याने, जो मेलेला. शेतकऱ्याच्या दारात चार जण हेल्मेट घालून उभे राहिले की तो पहिलं विचारतो, "भंगारवाले का?" नाही म्हटलं की विचारतो, "मग काउन्सिलचे?" तेही नाही म्हटलं की त्याचा संशय पक्का होतो. ज्याला भोकातून काही आणायचं नाही, तो भोकात कशाला जाईल?

त्या शेतकऱ्यांची तरी नेस्टाला समजूत घालता यायची. घरातल्या माणसाची घालता येत नव्हती.

झालं होतं ते असं. १९७१ मधल्या एका शुक्रवारी क्रेग वेन बंद झाली. त्या दिवशी दुपारच्या चहाला सगळे कबानमध्ये जमले. कबान म्हणजे खाणीच्या पोटातलं दगडी खोपटं. तिथे माणसं चहा प्यायची, भांडायची आणि भांडणाचं रीतसर इतिवृत्त लिहून ठेवायची. त्या दिवशी तिथे शेवटची काव्यस्पर्धा होती. विषय 'बाहेर'. बक्षीस, कवीचा मान म्हणून देतात ती खुर्ची, पाटीच्या दगडात कोरलेली, वीतभर. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने कविता टोपणनावाने दिली होती, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापल्यासारख्या अक्षरांत, आणि खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षक एलिस मास्तर उठले आणि घसा खाकरून म्हणाले, "खुर्चीचा मानकरी, टोपणनाव डोंगरपुत्र."

दोघे उठले.

डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेल्या आणि डोंगराच्या पोटात राबणाऱ्या दोन माणसांना 'डोंगरपुत्र' हेच नाव सुचलं, यात तसं नवल काही नव्हतं. नवल याचं, की हे नाव आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नाही अशी दोघांचीही खात्री होती.

"बस खाली," इडवल म्हणाला.

"तू बस," क्लेडविन म्हणाला.

यानंतर पेल्यातला चहा कुणी कुणावर फेकला, याबद्दल गावात दोन मतं आहेत. तेवढ्यात भोंगा झाला. मॅनेजरला दार लावून गाडी पकडायची होती. एलिस मास्तरांनी कविता, पाकीट आणि खुर्ची पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि म्हणाले, "डोकी थंड होऊ द्या. उद्या उघडू." उद्या खाण नव्हती. पुढच्या वर्षी मास्तरही नव्हते. जिंकलेली कविता नक्की कशावर होती, हे त्यांना मरेपर्यंत विचारलं गेलं. ते म्हणायचे, "बाहेरवर."

बाहेर आल्यावर मॅनेजरने कुलूप लावलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात किल्ली दिली, "नवा मालक येईपर्यंत सांभाळ." शेजारी क्लेडविन उभा होता. त्यानंतर नवे मालक पाच झाले. किल्ली कुणीच मागितली नाही.

तेव्हापासून नान्त धी गावात दोन खुर्चीवाले होते. अर्धं गाव बाबांना 'इडवल खुर्चीवाला' म्हणायचं, अर्धं क्लेडविन काकांना. कोण कुणाला म्हणतं, हे बघूनच गावात सोयरिकी ठरायच्या.

फेब्रुवारीत पाचव्या मालकाचं, म्हणजे एका कंपनीचं पत्र आलं. सुरक्षिततेच्या कारणास्तव क्रेग वेनचं तोंड एक एप्रिलला काँक्रीटने कायमचं बंद करण्यात येईल. वटवाघळांच्या येण्याजाण्यासाठी वर एक फट ठेवण्यात येईल.

"फट केवढी?" बाबांनी विचारलं.

"चार बोटं उंच, हातभर लांब."

बाबांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि पत्र घडी करून ठेवलं.

त्या आठवड्यात नेस्टाने जेवढी पत्रं लिहिली तेवढी एकोणचाळीस खाणींसाठी मिळून लिहिली नसतील. काँक्रीटला परवानगी लागत नव्हती. ते वरच्या जंगलातल्या रस्त्यावरून पाइपाने खाली येणार होतं. परवानगी फक्त माणसांना लागते. कंपनीने कळवलं, किल्लीवाला आणि वाटवाला या दोघांची लेखी संमती असेल तर क्लबला एकदा आत जायला आमची हरकत नाही. मात्र आत जुनं, जपण्यासारखं काही सापडलं तर त्याच दिवशी कळवणं बंधनकारक, आणि तसं कळल्यास तपासणी होईतो काम थांबेल. हे शेवटचं वाक्य नेस्टाने तीन वेळा वाचलं. वटवाघळांच्या कार्यालयाने कळवलं, वटवाघळं तीस मार्चपर्यंत झोपलेली असतात, त्यांना उठवू नये. म्हणजे उरला एकच दिवस. एकतीस मार्च.

ती आधी क्लेडविन काकांकडे गेली. ते दार अर्धंच उघडून उभे राहिले. गळ्यात दुर्बीण, आणि बनियनच्या आत किल्लीचा उंचवटा.

"बापाने पाठवलं?"

"नाही काका. मी क्लबातर्फे आलेय."

"क्लबात बाप आहे?"

"नाही."

"मग तू इथे आलीस हे त्याला कसं कळलं? तो बघ, खिडकीत उभा आहे."

नेस्टाने वळून बघितलं. खालच्या अंगाला घराच्या खिडकीत बाबा उभे होते. त्यांच्याकडेही दुर्बीण होती.

"काका, एक तारखेला भोक बुजणार. मग ते पाकीट तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही."

"हेच हवंय त्याला. आत माझं नाव आहे, ते गाडलं जाईल."

"ते म्हणतात आत त्यांचं नाव आहे, आणि तुम्हाला ते गाडायचंय."

"असं म्हणतो?" क्लेडविन काकांनी जरा विचार केला. "बघ, किती लबाड माणूस आहे. माझंच वाक्य चोरलं."

घरी बाबांची तऱ्हा वेगळी नव्हती.

"तो आत जाऊन आलाय. चौपन्न वर्षं किल्ली गळ्यात घालून कोण गप्प बसेल?"

"जाईल कुठून बाबा? वाट तुमची आहे. आणि तुम्ही खिडकीत असता."

"वरून."

"वर दोनशे फुटांचा कडा आहे."

"त्याची मेंढी जाते तिथे."

"मेंढीने पाकीट बदललं?"

"मी मेंढीबद्दल काही बोललेलो नाही," बाबा म्हणाले. "मी फक्त जाते म्हटलं."

वाटाघाटी सहा आठवडे चालल्या. दोघेही मिळून जायचं, पण कुणीही पुढे नाही आणि कुणीही मागे नाही, हे पहिलं कलम. बोगदा चार फूट रुंद आहे, हे नेस्टाने दोघांच्या लक्षात आणून दिलं. "तिरके चालू," असा निरोप आला. दुसरं कलम खिशांच्या झडतीचं, कारण आत खोटं पाकीट नेता येतं. तिसरं, पेटी उघडायला त्रयस्थ माणूस हवा. नेस्टा चालणार नाही, ती इडवलची मुलगी, असं क्लेडविन काका म्हणाले. नेस्टा चालणार नाही, ती क्लेडविनकडे सहा आठवडे जाते आहे, असं बाबा म्हणाले.

शेवटी नाव निघालं लुनेडबाईंचं. गावातल्या दोन्ही चॅपलांना मिळून आता एकच पाळक होत्या, त्या याच. वय बत्तीस, आणि दक्षिणेकडची. दक्षिणेकडची माणसं दुधाला दुसराच शब्द वापरतात, त्यामुळे पाळकबाईंनी चहा विचारला की दोघांनाही त्यांच्या हेतूबद्दल शंका यायची. पण शंका सारखीच यायची. त्या बाबतीत त्यांच्याइतकं निःपक्षपाती माणूस अख्ख्या खोऱ्यात सापडलं नसतं.

एकतीस मार्चला सकाळी नऊ वाजता चौघंजण गजांच्या दारापाशी उभी होती. पाळकबाईंनी झडती घेतली. बाबांच्या खिशात वाचायचा चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या आणि स्वतःच्या कवितेची एक प्रत. क्लेडविन काकांच्या खिशात वाचायचा चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या आणि स्वतःच्या कवितेची एक प्रत.

"पुरावा म्हणून आणली होती," बाबा म्हणाले.

"नेस्टा, त्याला सांग, मीसुद्धा," क्लेडविन काका म्हणाले.

दोन्ही कविता पाळकबाईंच्या पिशवीत गेल्या. गोळ्या परत मिळाल्या. त्या एकाच दुकानच्या निघाल्या, याचाही दोघांना संशय आलाच.

किल्ली कुलपात गेली आणि लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. बाबा एकदम ताठ झाले.

"नेस्टा, त्याला विचार, चौपन्न वर्षांच्या कुलपाला तेल कुणी घातलं."

"त्याला सांग, दर जानेवारीत वटवाघळं मोजणारा माणूस येतो, तो घालतो. आणि मोजणीवाल्याला वाटेवरून येऊ कोण देतं, ते त्याने स्वतःला विचारावं."

बाबांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. मोजणीवाल्याला तेच येऊ द्यायचे, पन्नास पावलांच्या पुढे जाणार नाही अशी शपथ घालून. वटवाघळांवर दोघांपैकी कुणाचाच संशय नव्हता. ती कविता करत नाहीत.

आत शिरताना नेस्टाच्या छातीत जे काही झालं ते तिने कुणाला सांगितलं नसतं. एकोणचाळीस खाणींत झालं नव्हतं. गार हवा, पायांशी पोटरीपर्यंत पाणी, पाण्याखाली जुने रूळ. ती पुढून छत बघत होती, लाकडी टेकूंना हात न लावता दिव्याच्या उजेडात त्यांच्या चिरा तपासत होती, आणि मागे दोन म्हातारे कलमाप्रमाणे तिरके, खांद्याला खांदा घासत, खेकड्यांसारखे येत होते. त्यांच्या मागे पाळकबाई, भजन गुणगुणत. भीती वाटली की त्या गुणगुणायच्या, आणि उत्तरेतल्यापेक्षा वेगळ्याच चालीत.

"ती खुणा तर करत नाही ना कुणाला?" बाबा कुजबुजले.

"इथे कोण आहे बाबा?"

"तेच तर."

एका वळणावर छत खाली उतरलं होतं. नेस्टाने तोंड उघडायच्या आत मागून आरोळी आली, "डोकं!" आणि बाबा त्याच क्षणी वाकले. मोठा सुळका त्यांच्या हेल्मेटवरून इंचभर अंतराने गेला. आरोळी क्लेडविन काकांची होती. खाणीत 'डोकं' ऐकलं की खाणवाला आधी वाकतो आणि मग कोण ओरडलं ते बघतो.

दोघेही थबकले. चौपन्न वर्षांत क्लेडविन काका बाबांना सरळ उद्देशून बोललेला हा पहिला शब्द होता, आणि तो परत घेता येण्यासारखा नव्हता.

"नेस्टा," बाबा म्हणाले, "त्याला सांग, मला दिसला होता तो."

"त्याला सांग, मी आपलं असंच ओरडलो."

कबान जशीच्या तशी होती. भिंतीलगत दगडी बाकं, खुंट्यांवर तीन कोट, कोटांना पांढरी बुरशी, चुलीवर काळी ठिक्कर किटली. बाकाखाली पत्र्याची पेटी. दोघांनी एकदमच बोट दाखवलं आणि एकदमच हात मागे घेतला.

नेस्टाने आधी सगळ्याचे फोटो काढले. मग पाळकबाई गुडघ्यावर बसल्या आणि पेटीची कडी वर केली. आत इतिवृत्ताची वही, वीतभर खुर्ची, आणि टाचणी लावलेला कागद, त्यामागे पाकीट. कागदावर खाली लिहिलं होतं 'डोंगरपुत्र'.

"वाचा," बाबा म्हणाले. "पण आमच्या उच्चारात."

पाळकबाईंनी आपल्याच उच्चारात वाचलं.

किटलीतून वाफ निघाली, छताला लागून थांबली;
'जाऊ दे बाहेर,' म्हणाली दगडाला, आणि थेंब होऊन सांडली.
आम्हीही निघतो रोज संध्याकाळी, दगड काही बोलत नाही;
सकाळी पुन्हा थेंबांसारखे जमतो त्याच ठायी.

कुठेतरी वरून एक थेंब पडला. कविता चांगली होती. सगळा घोळ तिथेच झाला.

"माझ्यात किटली नव्हती," अखेर बाबा म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

"माझ्यात पण नव्हती," क्लेडविन काका म्हणाले. "माझ्यात गरुड होता."

"माझ्यातही होता."

पाळकबाईंनी पाकीट फोडलं. आतली चिठ्ठी दिव्यापाशी धरली. "विल्यम हम्फ्री ओवेन."

"हा कोण?" दोघे एकदम.

"तुमच्यातलेच ना कुणी?"

"या नावाचा माणूस या खाणीत नव्हता," बाबा म्हणाले. "कंपनीने घुसवलंय हे."

"मोजणीवाल्याने," क्लेडविन काका म्हणाले. "पन्नास पावलांपुढे आलेला दिसतोय. नाहीतर..." त्यांनी पाळकबाईंच्या बाह्यांकडे बघितलं. "बाह्या बऱ्याच लांब आहेत बाईंच्या."

बाबांनीही बघितलं. एका गोष्टीवर दोघांचं एकमत होण्याची ही दुसरी वेळ. पहिली १९७१ मध्ये, टोपणनावाच्या वेळी.

"थांबा हं," पाळकबाई म्हणाल्या. "बेथेल चॅपलच्या मागच्या दफनभूमीत आहेत हे. भिंतीकडच्या रांगेत. मीच गवत काढून घेते तिथलं. दगडावर हेच नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत 'विल किटली'."

"विल!" क्लेडविन काका म्हणाले.

"विल किटली?" बाबा म्हणाले. "चहा करायचा तो?"

"त्याचं आडनाव होतं?"

"त्याला लिहिता यायचं?"

त्यांना आठवायला वेळ लागला. अंगाने आडवा, साठीचा माणूस, दगड पडून एक पाय अधू झाला म्हणून चुलीच्या कामाला लावलेला. एकटा राहायचा. खाण बंद झाल्यावर आठ वर्षांनी गेला. त्याच्या अंत्यविधीला दोघेही गेले होते, एकमेकांकडे पाठ करून.

"पण मग तो उठला का नाही?" बाबांचा आवाज चढला. "मास्तरांनी नाव घेतलं, तर माणसाने उठून उभं राहायला नको? सगळं तिथेच मिटलं असतं."

क्लेडविन काका किटलीकडे बघत राहिले. "तो उभाच होता," ते म्हणाले. "चहा ओतणारा माणूस बसतो कधी? आपण उठलो तेव्हा तो माझ्या शेजारी होता. त्याने माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, 'साखर?'"

बाबा खाली बाकावर बसले.

"मी म्हटलं, दोन चमचे," क्लेडविन काका म्हणाले. "आणि मग मी तो चहा तुझ्यावर फेकला."

म्हणजे चहा कुणी फेकला, तेही मिटलं. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दोघे आता मध्यस्थाशिवाय बोलत होते, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"नेस्टा," बाबा म्हणाले, "काँक्रीट किती वाजता येतंय?"

"उद्या आठला."

"सातला नाही येत का ते लोक?"

"पेटी होती तिथे ठेव," क्लेडविन काका म्हणाले. "काय इडवल? विलने इतक्या वर्षांत तक्रार केली का?"

"एका शब्दाने नाही."

"मग त्याच्या शांततेत आपण का ढवळाढवळ करायची?"

नेस्टा पेटीशेजारी उकिडवी बसली होती. "मला कळवावं लागेल," ती म्हणाली. "आजच. कंपनीची अट आहे."

"काय कळवशील?"

"जे सापडलं ते."

"गावभर होईल."

"होईल कदाचित."

"मी तुला सायकल शिकवली," बाबा म्हणाले.

"पोरगी तुझ्यावर गेलीय," क्लेडविन काका म्हणाले.

"आईवर गेलीय. माझ्यावर गेली असती तर खोटं लिहिलं असतं."

पेटी जागेवर ठेवून, कारण क्लबाच्या नियमाप्रमाणे आतलं काही हलवायचं नसतं, चौघं बाहेर आली. येताना कुणी तिरकं चाललं नाही. क्लेडविन काका पुढे होते, बाबा मागे, आणि कलम मोडल्याचं दोघांपैकी कुणी काढलं नाही.

दुपारभर नेस्टा स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून राहिली. समोर अहवालाचा कागद, खिडकीत क्रेग वेन. तिने एक ओळ लिहिली की काँक्रीट थांबणार. नाही लिहिली तर उद्या नऊपर्यंत ते भोक म्हणजे हातभर फट. पाकिटातल्या माणसाचं नाव पाकिटातच राहणं बरोबर नाही, असं ती मनाशी म्हणत होती. पण खरं सांगायचं तर तिला त्या खाणीत परत जायचं होतं. कबानच्या पुढे डावीकडे एक उतार खाली गेला होता आणि त्याच्या तळाशी पाणी चकाकलं होतं. आपण विलसाठी लिहितोय की त्या उतारासाठी, हे तिने स्वतःला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा स्वतःच्या उत्तरावर तिचा विश्वास बसला नाही. बाबा बैठकीच्या खोलीत होते. दर दहा मिनिटांनी येऊन ते विचारायचे, "चहा करू का?" आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन परत जायचे.

कार्यालय पाचला बंद व्हायचं. तिने पावणेपाचला कळवलं. पेटी एक, वही एक, खुर्ची एक, कविता एक. कवी, विल्यम हम्फ्री ओवेन.

बाबांनी ते तिच्या खांद्यावरून वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. ती बघत राहिली. ते रस्त्याने वर गेले, वाटेच्या तोंडाशी न थांबता पुढे क्लेडविन काकांच्या कुंपणाशी पोचले, आणि तिथून घरात.

एक तारखेला काँक्रीट आलं नाही.

तीन आठवड्यांनी जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचा अधिकारी आला. गेरेंट त्याचं नाव. हातात फाइल, पायांत कोरे करकरीत गमबूट. कंपनीची परवानगी होती, वटवाघळांचीही होती. कबान मौल्यवान आहे, म्हणाला. मोजमाप करू, खाली तो उतारही बघू. नेस्टाने हेल्मेट आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं.

दोघं बाहेर आली. वाटेच्या तोंडाशी दगडी गडग्यावर बाबा आणि क्लेडविन काका शेजारी शेजारी बसले होते. गेले तीन आठवडे ते सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत असेच बसत होते. गाव म्हणत होतं, म्हातारपणी देवाने बुद्धी दिली. नेस्टाला खरं कारण माहीत होतं. अहवाल कार्यालयात पडून होता, आणि गावातलं कुणी कार्यालयातलं काही वाचत नाही. विलचं नाव गावात फुटायचं तर ते या दोघांपैकी एकाच्या तोंडून फुटणार होतं. त्यामुळे एकमेकांना क्षणभरही एकटं सोडणं दोघांनाही परवडण्यासारखं नव्हतं. एक दुकानात निघाला की दुसरा पिशवी घेऊन बरोबर. रविवारी दोघे आधी एकाच्या चॅपलात आणि मग दुसऱ्याच्या चॅपलात बसायचे. पाळकबाईंना आता एकच प्रवचन दोन्हीकडे देऊन भागवता येत नव्हतं.

"नमस्कार," गेरेंट म्हणाला. "वरती जायचं होतं."

"वाटेवर मेंढ्या व्यायल्यात," बाबा म्हणाले. "आता कुणाला सोडता येणार नाही."

"बाबा, आपल्याकडे मेंढ्या कुठे आहेत?"

"क्लेडविनच्या आहेत. जागा कमी पडत होती बिचाऱ्याला."

नेस्टाने वाटेकडे बघितलं. खरंच, अख्ख्या वाटेवर मेंढ्या होत्या. कड्यावरून जाणारीसुद्धा होती.

"बरं, मेंढ्या बाजूला करून घेऊ," गेरेंट म्हणाला. "किल्ली तेवढी..."

"हरवली," क्लेडविन काका म्हणाले.

"कधी?"

"कधी हरवली रे, इडवल?"

"मंगळवारी," बाबा म्हणाले. "मी होतो तिथे. मी बघितलं हरवताना."

क्लेडविन काकांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

गेरेंटने फाइल उघडली, दोन पानं उलटली, आणि नेस्टाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "पण या दोघांचं चौपन्न वर्षांचं वैर आहे असं इथे लिहिलंय."

"होतं," नेस्टा म्हणाली. "तेव्हा आत जाणं सोपं होतं."